चुकलेल्या फटक्यांनी नवशिक्याचे क्लब खराब होतात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. काही महिन्यांपूर्वी पुण्यात गोल्फ शिकायला सुरुवात केली. नात्यातल्या एका काकांनी त्यांचा क्लबचा, म्हणजे गोल्फच्या काठ्यांचा, जुना सेट दिला. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, निम्म्याहून जास्त फटके चुकतात. कधी क्लब चेंडूच्या आधीच मॅटवर आदळतो, कधी चेंडू क्लबच्या टोकाला लागून भलतीकडेच जातो, आणि ड्रायव्हरच्या, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबच्या, डोक्यावर पांढरे ओरखडे उठले आहेत. शेजारी सराव करणाऱ्या एका अनुभवी गृहस्थांनी सांगितलं, ‘असंच मारत राहिलात तर सेटची वाट लागेल. आधी हळू मारायला शिका.’ तेव्हापासून हात आखडतो. खरंच क्लब खराब होतात का, आणि होत असतील तर ओळखायचं कसं?

मी सकाळी नवशिक्यांना शिकवतो आणि दुपारी क्लबची दुरुस्ती करतो, त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू रोज समोर असतात. आधी सरळ उत्तर देतो. चेंडू क्लबच्या तोंडावर कुठेही लागला, टोकाला लागला, टाचेला लागला, अगदी खालच्या कडेला लागला, तरी नीट बनवलेल्या क्लबला त्याने काही होत नाही. क्लब बिघडतो तो चेंडू सोडून दुसऱ्या कशावर तरी आदळला की. दगड, झाडाचं मूळ, काँक्रीट, नाहीतर बॅगेतला शेजारचा क्लब. आणि माझ्या टेबलावर जे क्लब येतात त्यातल्या बऱ्याच क्लबांचं नुकसान फटका मारताना झालेलंच नसतं. ते गाडीच्या डिकीत झालेलं असतं, नाहीतर पावसाळ्यात ओल्या कव्हरखाली.

थोडे आकडे बघू. नियमाप्रमाणे गोल्फच्या चेंडूचं वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम असतं. ड्रायव्हरचं हेड, म्हणजे डोकं, साधारण २०० ग्रॅमचं. दोघांचा संपर्क होतो तो जेमतेम अर्धा मिलिसेकंद, आणि तेवढ्या वेळात चेंडू चपटा होऊन परत गोल होतो. या टकरीत मुख्यतः दबतो तो चेंडू. ड्रायव्हरचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारं तोंड, तोही थोडा लवतो, पण तो लवण्यासाठीच पातळ केलेला असतो. कंपन्या हे हेड बाजारात आणण्याआधी हवेच्या दाबाच्या तोफेने त्यावर चेंडूंचा मारा करून बघतात, आणि तो मारा फक्त मधोमध नसतो.

आता तुमचा वेग बघा. पुरुषांच्या व्यावसायिक टूरवरच्या खेळाडूचा ड्रायव्हर चेंडूपाशी पोचतो तेव्हा त्याचा वेग ताशी १८० किलोमीटरच्या आसपास असतो. नवशिक्या प्रौढ माणसाचा बहुधा १२० ते १३५. वेगात फरक तीस टक्क्यांचा दिसतो, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे तुमच्या फटक्यात त्याच्या निम्मीच ऊर्जा असते. ड्रायव्हरचे फेस तडकतात हे खरं आहे, मी तडकलेले फेस हातात घेतले आहेत. पण ते बहुतेक वेगाने मारणाऱ्या, वर्षानुवर्षं त्याच जागी चेंडू लावणाऱ्या खेळाडूंचे असतात. नवशिक्याचे चेंडू फेसभर विखुरलेले लागतात. फेसच्या आयुष्याचा विचार केला तर ते त्याच्या पथ्यावरच पडतं.

टोकाला चेंडू लागला की हेड फिरतं, बोटांना झिणझिण्या येतात आणि आवाज कोरडा, फुटका येतो. त्या आवाजामुळे माणसाला वाटतं काहीतरी मोडलं. मोडलेलं काही नसतं, हाताला जाणवतं ते कंपन असतं. शँक म्हणजे चेंडू होझलला, शाफ्ट (क्लबची दांडी) जिथे हेडमध्ये शिरतो त्या नळीला, लागणं. खेळाडूला तो सगळ्यात लाजिरवाणा वाटतो, पण आयर्नचं, म्हणजे जमिनीवरून मारायच्या धातूच्या क्लबचं, पोलाद तिथे दणकट असतं, तिथे पांढऱ्या डागापलीकडे काही उमटत नाही. टॉप झालेल्या फटक्यात क्लबची खालची धार चेंडूच्या पोटावर बसते आणि चेंडू सरपटत जातो. यात चेंडूला चीर पडू शकते. धारेला काही होत नाही.

ड्रायव्हरच्या ओरखड्यांबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे गोष्ट थोडी वेगळी आहे. चेंडू उंच टीवर, म्हणजे जमिनीत खोचलेल्या छोट्या खुंटीवर, असतो, क्लब वरून खाली तिरका येतो आणि चेंडूच्या खालून निसटतो. चेंडू फेसच्या वरच्या कडेला आणि तिच्यामागच्या क्राऊनला, म्हणजे हेडच्या माथ्याला, घासून सरळ आभाळात जातो. ज्या जागी तो घासतो तिथला रंग उडतो किंवा पांढरा पट्टा उमटतो. क्राऊन हा ड्रायव्हरचा सगळ्यात नाजूक भाग. वजन खाली ठेवता यावं म्हणून तो मुद्दाम पातळ केलेला असतो, टायटॅनियमचा असो की कार्बनचा, जाडी बहुधा मिलिमीटरच्या आतच. तरीही चेंडूच्या घासण्याने बहुतेक वेळा जातो तो फक्त रंग, आणि रंग गेल्याने चेंडू एक वितही कमी जात नाही.

रंग गेलाय की तडा गेलाय, हे घरी बघता येतं. हेड ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा. ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख सरळ सरकलं तर वरचा थर गेलाय, एवढंच. नख अडकलं, तर त्या जागेवर चिमूटभर टाल्कम पावडर चोळा आणि कोरड्या कापडाने पुसून टाका. तडा असेल तर पावडर त्यात बसते आणि केसासारखी पांढरी रेघ उरते. काळ्या क्राऊनवर ती फार स्पष्ट दिसते. मग खिडकीजवळ जाऊन हेड डोळ्यांच्या पातळीवर धरा आणि हळूहळू फिरवा. उजेडाची पट्टी क्राऊनवरून एकसारखी सरकायला हवी. मध्येच ती वाकली किंवा तुटली तर तिथे पोचा आहे. फेसच्या कडेला लागून असलेली रेघ किंवा पोचा दिसला तर तो क्लब बाजूला ठेवा आणि कुणाला तरी दाखवा. तडा नसेल तर वापरत राहा, आणि टी खाली दाबा. ड्रायव्हर जमिनीवर टेकवला की चेंडूचा साधारण अर्धा भाग क्राऊनच्या वर दिसावा. तुमच्यासारख्या नवीन माणसाला मी त्याहूनही थोडा खाली ठेवायला सांगतो, महिनाभर तरी.

एक इशारा इथेच देतो. हे डाग काढायला पुष्कळ जण नेलपॉलिश काढण्याचं द्रव्य वापरतात. त्यात अ‍ॅसिटोन असेल तर क्राऊनचा रंग जातो आणि शाफ्टच्या मुळाशी असलेली प्लास्टिकची काळी कडी, जिला फेरूल म्हणतात, ती विरघळायला लागते. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब आणि जुना टूथब्रश पुरतो. आयर्नच्या तळाला मॅटचे हिरवे पट्टे चिकटलेले असतील, तेही यानेच निघतात. मॅटचे नायलॉनचे धागे घर्षणाने तापून पोलादावर पुसले जातात, त्याचे ते पट्टे असतात. ती झीज नव्हे.

आता तुमची खरी अडचण, म्हणजे क्लब चेंडूच्या आधी जमिनीवर आदळणं. आयर्न हा जमिनीला लागण्यासाठीच बनवलेला क्लब आहे. चांगला खेळाडूही आयर्नच्या बहुतेक फटक्यांना गवताचा तुकडा उडवतो, फरक एवढाच की तो चेंडूच्या पुढचा उडवतो आणि तुम्ही मागचा. पोलादाला माती पुढची की मागची हे कळत नाही. तेव्हा गवतावर, भुसभुशीत मातीवर, बंकरच्या वाळूत तुम्ही कितीही आधी आदळलात तरी सोल, म्हणजे क्लबचा तळ, थोडा खरवडला जाईल, चकाकी जाईल, बाकी काही होणार नाही. वेज, म्हणजे जवळच्या उंच फटक्यांचे आयर्न, तर वाळूनेच घासून निस्तेज होतात आणि तशाच वर्षानुवर्षं चालतात.

पण आपल्याकडची जमीन सगळीकडे भुसभुशीत नसते. पुण्याच्या आसपास फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, बाहेर पाऊल टाकलं की मुरूम लागतो, आणि एप्रिल-मेमध्ये तो दगडासारखा कडक होतो. त्यात सुपारीएवढा खडा लपलेला असला आणि सात नंबरचा आयर्न त्यावर बसला, तर खालच्या धारेला खाच पडते किंवा फेसवर खळगा पडतो. ही जखम खरी. छोटी खाच असेल आणि तिचं टोक बाहेर आलं असेल, तर बारीक कानशीने दोन-चार हलके हात फिरवून टोक मोडावं, म्हणजे बोट कापणार नाही. खाच भरून काढायच्या फंदात पडू नये. फेसवरच्या खोबणींना मात्र कानस लावायची नाही. त्यांची रुंदी ०.९ मिलिमीटरपेक्षा आणि खोली ०.५०८ मिलिमीटरपेक्षा जास्त असू नये असा नियम आहे, आणि घरी कोरायला गेलात तर स्पर्धेत तो क्लब अवैध ठरू शकतो. खोबणीतली माती लाकडी टीच्या टोकाने काढा, तेवढं पुरे.

चेंडू मुळांत किंवा दगडात जाऊन बसला असेल, तर तिथून मारू नका. नियम तुम्हाला चेंडू न खेळता येण्याजोगा जाहीर करायची मुभा देतो: एक दंडाचा फटका घ्या आणि त्या जागेपासून दोन क्लबच्या अंतरात, होलच्या जवळ न जाता, चेंडू टाका. मित्रांसोबत सहज खेळत असाल तर काहीच हरकत नाही, उचलून गवतावर ठेवा. मुळावर आदळलेला क्लब हेडपाशी मोडू शकतो आणि मनगट महिनाभर दुखू शकतं. एका फटक्याच्या दंडापायी हा सौदा कुणी करू नये.

मॅटचा प्रश्न निराळा आहे. रेंजवरच्या मॅटखाली रबराचा थर असतो आणि त्याखाली बहुतेक ठिकाणी काँक्रीट. क्लब आधी आदळला तरी मॅटवरून घसरून चेंडूला लागतो आणि चेंडू बरा जातो, त्यामुळे चूक लपते. क्लबच्या दृष्टीने मॅट फारशी धोक्याची नाही. मऊ कार्बन स्टीलचे फोर्ज केलेले, म्हणजे ठोकून घडवलेले, आयर्न मॅटवर फार मारले की लाय (दांडीचा जमिनीशी) आणि लॉफ्ट (फेसचा मागे झुकण्याचा) हे कोन हळूहळू एखाद्या अंशाने सरकू शकतात. रोज शेकडो चेंडू मारणाऱ्याने ते वर्षातून एकदा मोजून घ्यावेत. तुमचा सेट बहुधा ओतीव स्टेनलेसचा असेल, तो सहज वाकत नाही. मला काळजी वाटते ती तुमच्या कोपराची. काँक्रीटवरचा धक्का पोलाद पचवतं, पण कोपराच्या आतल्या बाजूचा स्नायूबंध पचवत नाही. तिथे दाबलं की दुखतंय, दाराची मूठ फिरवताना किंवा पिशवी उचलताना कळ येतेय, असं वाटलं तर मॅटवरचा सराव लगेच थांबवा. क्लबला नवा शाफ्ट दोन दिवसांत बसतो. कोपर बरा व्हायला कित्येक महिने जातात.

याच कारणासाठी गच्चीवर फरशीवर पातळ हिरवा कार्पेट टाकून आयर्न मारू नये. मोठ्या सोसायट्यांमध्ये हे फार दिसतं, जाळी लावून, हौसेने. घरी सरावच करायचा तर जाड रबराची मॅट घ्या किंवा चेंडू छोट्या टीवर ठेवून मारा. आणि फोमचे हलके चेंडू वापरा. लहान मुलं कधी कधी ड्रायव्हरने सीझन बॉल मारून बघतात. तो १५५ ग्रॅमच्या वर असतो, म्हणजे गोल्फच्या चेंडूच्या साडेतीन पट जड आणि टणक. तो ड्रायव्हरला लावू देऊ नका.

आता सेट स्वतः तपासा. तो जुना आहे, आणि चुकलेले फटके जुना दोष उघडा पाडतात. दोष नवा तयार झालेला नसतो, फक्त त्या दिवशी दिसतो.

पहिलं म्हणजे हेड घट्ट आहे का. बहुतेक क्लबमध्ये शाफ्ट हेडमध्ये एपॉक्सीने चिकटवलेला असतो, आत खिळा किंवा पाचर सहसा नसते. एका हातात हेड पकडा, दुसऱ्या हाताने ग्रिपजवळ शाफ्ट धरा आणि ओलं फडकं पिळतो तसा दोन्ही बाजूंना पिळा. किंचितही ‘कट्’ असा आवाज आला किंवा हेड हललं, तर त्या क्लबने एकही चेंडू मारायचा नाही. सुटलेलं हेड समोरच जाईल याची खात्री नसते, आणि रेंजवर तुमच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी असतात. शंका असेल तर बारीक टोकाच्या मार्करने होझलपासून फेरूलवरून शाफ्टपर्यंत एक सरळ रेघ ओढा आणि एक बादली चेंडू मारून या. रेघेचे तुकडे एका ओळीत राहिले तर सगळं ठीक. फक्त फेरूलवरचा तुकडा सरकला तर कडी सैल आहे, ती ओझं वाहत नाही, सवडीने चिकटवून घ्या. पण होझलवरची आणि शाफ्टवरची रेघ एकमेकांपासून हटली तर एपॉक्सी सुटलाय. हेड काढून, आतला जुना थर खरवडून, नव्याने चिकटवायला लागतं. काम किरकोळ आहे, एपॉक्सी पूर्ण सुकायला मात्र एक दिवस द्यावा लागतो. घरी अ‍ॅराल्डाइट वरून ओतून हे होत नाही, कारण जुना थर आत तसाच राहतो.

दुसरं शाफ्टचं. ग्राफाइटचा शाफ्ट असेल तर कापसाचा बोळा घ्या आणि ग्रिपपासून खालपर्यंत हलक्या हाताने फिरवा, शाफ्ट गोल फिरवत. कापसाचे तंतू जिथे अडकतील तिथे डोळे लावून बघा. नुसतं रंगाचं टवकं उडालं असेल तर चिंता नाही. काळे धागे दिसत असतील, किंवा ती जागा अंगठ्याने दाबली की मऊ लागत असेल, तर शाफ्ट बदला. बॅगेच्या तोंडाच्या कडेवर घासून फेरूलच्या वर वीतभर अंतरावर पडलेली गोल खाच मी वारंवार पाहतो, आणि शाफ्ट तिथेच मोडतो. पोलादी शाफ्ट असेल तर ग्रिपच्या टोकाकडून एक डोळा मिटून खाली बघत फिरवा. बाक दिसला किंवा चेमटलेली जागा सापडली तर सरळ करायचा प्रयत्न करू नका. पातळ नळी एकदा दुमडली की ताकद गेली, ती पुढच्या एखाद्या साध्या फटक्याला तुटते, आणि तुटलेलं टोक सुरीसारखं असतं.

हेड हलवलं की आत खडखड होते का, हेही विचारलं जातं. बहुतेक वेळा तो सुकलेल्या एपॉक्सीचा सुटलेला कण असतो. कानाला त्रास, बाकी काही नाही. ड्रायव्हरचा शाफ्ट स्क्रूने बसणारा असेल तर सोबत मिळालेल्या पान्यानेच, तो ‘टक्’ करेपर्यंत आवळा. खुळखुळणाऱ्या ड्रायव्हरपैकी काही असे नुसत्या सैल स्क्रूचे निघतात.

तिसरी तपासणी लोहचुंबकाची, आणि जुन्या किंवा अगदी स्वस्त सेटसाठी ती मी आधी करतो. फ्रीजवरचं चुंबक काढा आणि आयर्नच्या हेडला लावा. कार्बन स्टील आणि आयर्नसाठी नेहमी वापरलं जाणारं १७-४ स्टेनलेस, दोघांनाही चुंबक चिकटतं. अजिबात चिकटलं नाही तर हेड जस्ताच्या मिश्रधातूचं असण्याची शक्यता आहे. मुलांच्या आणि खोक्यातून मिळणाऱ्या स्वस्त सेटमध्ये ते वापरतात. पटरवर, म्हणजे चेंडू होलकडे हलकेच ढकलायच्या क्लबवर, ही परीक्षा लागू करू नका, काही पटर चुंबक न धरणाऱ्या स्टेनलेसचे किंवा पितळेचे असतात. जस्ताचं हेड चेंडूला पुरतं, पण कडक जमिनीवर वारंवार आदळलं तर होझलपाशी मोडतं, आणि वाकून सूचना न देता एकदम मोडतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं द्यावं लागतं ते अशा सेटच्या बाबतीत.

दुसरा ‘हो’ लाकडी हेडचा. काकांच्या सेटमध्ये पर्सिमनच्या लाकडाचा ड्रायव्हर असेल, काळपट तपकिरी, फेसमध्ये वेगळ्या रंगाचा चौकोनी तुकडा बसवलेला आणि मानेवर दोरा गुंडाळलेला, तर तो रेंजवर नेऊ नका. धातूचे ड्रायव्हर बाजारात रुळायला सुरुवात झाली १९७९ नंतर. त्याआधीची पिढी लाकडावर शिकली. लाकडी हेड टोकाला चेंडू लागून खरंच चेपायचं, तडकायचं, पावसाचं पाणी पिऊन फुगायचं. त्याही आधी शाफ्टसुद्धा हिकरीच्या लाकडाचे होते. ब्रिटिश नियमांनी पोलादी शाफ्टला १९२९ मध्ये परवानगी दिली. त्या काळी ‘चुकलेला फटका म्हणजे क्लबचं नुकसान’ ही साधी वस्तुस्थिती होती, आणि वडीलधाऱ्या खेळाडूंच्या तोंडून ती आजही ऐकू येते. तुम्हाला सल्ला देणाऱ्या गृहस्थांचा हेतू चांगलाच असणार. पण तो सल्ला तुमच्या हातातल्या पोलादाला लागू नाही. पर्सिमनचा क्लब निघालाच तर तो पुसून, कोरड्या जागी जपून ठेवा, ती कारागिरी आता क्वचितच होते.

आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते हे. क्लब मोडेल या भीतीने हात आखडला की चुकलेले फटके कमी होत नाहीत, वाढतात. चेंडूजवळ येताना माणूस वेग कमी करतो, शरीर वळायचं थांबतं, वजन मागच्या पायावर राहतं, मनगटं आधीच उघडतात, आणि क्लबचा सगळ्यात खालचा बिंदू चेंडूच्या मागे सरकतो. म्हणजे क्लब पुन्हा मॅटवरच आदळतो. रोज सकाळी मी हे बघतो: माणूस तगडा असतो, मोकळा सराव-झोका सुंदर मारतो, आणि चेंडू समोर आला की तोच हात अर्ध्यात थबकतो. सेट नवा आणि महाग असेल तर हे जास्तच. म्हणून जुना सेट मिळालाय हे मी तुमचं भाग्य समजतो. निदान पहिलं वर्षभर तो बदलू नका.

त्याऐवजी चूक नेमकी कुठे होते ते बघा. व्हाइटबोर्डचा मार्कर घ्या, चेंडूवर ठसठशीत रेघ ओढा, ती बाजू क्लबकडे येईल असा चेंडू ठेवा आणि मारा. फेसवर रेघेचा ठसा उमटतो. पाच चेंडूंनंतर पाच ठसे दिसतील, मग अंदाज बांधायची गरज राहत नाही. ते सगळे टोकाकडे असतील तर चेंडूच्या थोडं जवळ उभं राहून बघा. ठसे विखुरलेले असतील तर उभं राहण्याची जागा सोडा, आधी झोका शांत करा, अर्ध्या उंचीचा घ्या, पण चेंडूच्या पुढे जाऊन पूर्ण करा. मागे आदळण्यासाठी पंचा घडी करून चेंडूच्या मागे चार बोटांवर ठेवा आणि नऊ नंबरने छोटे फटके मारा. पंचा हलला तर क्लब लवकर खाली आला. हा सराव गवतावर मिळाला तर उत्तम. ठसे कापडाने पुसले जातात, आणि रेंजच्या चेंडूला चिकटलेली वाळूही मारण्याआधी पुसायची सवय लावा, कारण फेसवरचे बारीक ओरखडे चेंडूने नव्हे, त्या वाळूने पडतात.

सेट टिकवायचा तर डिकीकडे लक्ष द्या. मे महिन्यात उन्हात उभी असलेली बंद गाडी आतून पन्नास अंशांच्या सहज वर जाते. एपॉक्सी उष्णतेने मऊ पडतो, आम्हाला हेड काढायचं असतं तेव्हा आम्हीही होझल तापवूनच काढतो. एका दुपारने काही होत नाही. पण अख्खा उन्हाळा बॅग डिकीत ठेवून, आठवड्यातून दोनदा ती थेट रेंजवर नेऊन मारत राहिलात तर सांधे सैल होतात आणि ग्रिपचं रबर गुळगुळीत, चकचकीत होतं. निसटणारी ग्रिप तुम्हाला क्लब आवळून धरायला लावते, आणि त्यातून फटके आणखी बिघडतात. ग्रिप महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्याने धुवा. धुऊनही चिकट वाटत नसेल तर बदला. जुन्या सेटवर पैसे खर्चायचे असतील तर सगळ्यात आधी इथे खर्च करा.

पुण्यात बरेच जण बॅग स्कूटरवर पायांपाशी उभी करून आणतात. प्रत्येक खड्ड्यात आयर्न एकमेकांवर आपटतात, आणि वर्षभरात हेडवर पडलेले टवके बघून लोकांना वाटतं आपण वाईट मारतो. जुना पंचा हेडच्या मधून गुंडाळला की हे थांबतं. पावसाळ्यात, मुंबई-कोकणात विशेषतः, ओला क्लब कव्हर घालून ठेवू नका. पोलादी शाफ्ट बाहेरून क्रोमचा आणि आतून उघडा असतो, तो आतून गंजतो आणि बाहेर बारीक फोड दिसेपर्यंत कळत नाही. घरी आल्यावर कव्हरं काढून, क्लब पुसून, रात्रभर पंख्याखाली उभे ठेवा.

पुढे स्पर्धा खेळाल तेव्हासाठी एक गोष्ट. २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे फेरी चालू असताना क्लब मोडला किंवा बिघडला, तर तुम्ही तो तसाच वापरू शकता, दुरुस्त करू शकता किंवा बदलूही शकता, फक्त खेळाचा खोळंबा करायचा नाही, बदली क्लब त्या वेळी मैदानावर खेळत असलेल्या दुसऱ्या कुणाचा नको आणि एकूण क्लब चौदाच्या वर नकोत. अट अशी की तो तुम्ही रागाने आपटून किंवा फेकून मोडलेला नसावा. तसा मोडला असेल तर दुरुस्ती नाही आणि बदलीही नाही, उरलेली फेरी आहे त्या क्लबांवर खेळायची.